भोग कोणाचा, कर्तव्य कोणाचे?

गेल्या माघात एका गावच्या सप्ताहात आमचे कीर्तन होते. निरूपणाच्या ओघात आम्ही बोलून गेलो, "देहाचा भोग कोणाला चुकला आहे? प्रारब्धात असेल ते भोगूनच सरते." श्रोत्यांनी माना डोलावल्या. कीर्तन आटोपून ओट्यावर टेकलो, तो एक म्हातारे माळकरी जवळ आले. म्हणाले, "महाराज, आमची सून बाळंतपणात गेली. सरकारी दवाखान्यात रक्त नव्हतं. खासगीत नेली, तर आधी पैसे भरा म्हणाले. रानाचा सौदा होईस्तोवर तिनं प्राण सोडला. हा कुणाचा भोग, तेवढं सांगा."

आम्हांस उत्तर सुचले नाही. न्याय घोकला, वेदान्त घोकला. त्या म्हाताऱ्यापुढे सगळे मुके झाले. तेव्हापासून जो विचार मनात चालला आहे, तो वाचकांपुढे ठेवतो.

प्रारब्ध खोटे, असे आम्ही म्हणत नाही. पण तो शब्द कोणी कोणास लावावा, याला मर्यादा आहे. आपल्या दुखण्याला प्रारब्ध म्हणावे, त्याने धीर येतो. दुसऱ्याच्या दुखण्याला प्रारब्ध म्हटले की आपण मोकळे होतो! एकच शब्द, स्वतःकडे वळला तर वैराग्य. दुसऱ्याकडे वळला तर निष्ठुरता.

आपल्या वारीचेच पाहा ना. एके काळी पंढरीच्या यात्रेत पटकीची साथ येई आणि परतणाऱ्यांबरोबर गावोगाव जाई. पैसेवाल्याला तेव्हाही वैद्य मिळे. पण नासलेले पाणी श्रीमंताची घागर ओळखत नाही. साथ हटली ती स्वच्छ पाण्याने, घाणीच्या बंदोबस्ताने आणि सरसकट सर्वांना टोचल्याने. गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला, त्यातले मर्म हेच. खासगी डॉक्टर दारी आलेल्या रोग्यास बरे करतो, ते पुण्याचेच काम. परंतु जो दारापर्यंत येऊ शकत नाही, त्याची काळजी कोणी वाहावी? ती सर्वांनी मिळूनच वाहावी लागते, आणि सरकार म्हणजे तरी सर्वांची मिळून केलेली सोयच की!

पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराला मुकू नये, हे भोर समितीने १९४६ सालीच सांगून ठेवले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठरवले की, २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरील खर्च देशाच्या सकल उत्पादनाच्या अडीच टक्के व्हावा. २०२१-२२ चा सरकारी हिशेब पाहावा, तर तो १.८४ टक्के भरला. त्याच वर्षी देशात आरोग्यावर झालेल्या दर शंभर रुपयांतले सुमारे ३९ लोकांनी थेट आपल्या खिशातून दिले. ज्याला खिसाच नाही, त्याने रान विकावे. आणि रानही नसेल त्याने?

यावर उपाय नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायांनाच घरोघर जाऊन तान्ह्या बाळांची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. मोठी इमारत नाही, मोठे यंत्र नाही. त्या बाळांचे प्रारब्ध बदलले म्हणावे, की शेजारणीचे कर्तव्य जागे झाले म्हणावे?

मंडळी, कळसाची वर्गणी आपण हक्काने मागतो. तशाच हक्काने ग्रामसभेत विचारावे, उपकेंद्रात औषध आहे काय, नर्सबाई येते काय? सप्ताहाचा एक दिवस रक्तदानाला द्यावा. आम्ही तर ठरवले आहे की, जेथे कीर्तनाला जाऊ तेथे बिदागीआधी हे मागणे मागायचे.

त्या गावी आम्हांस पुन्हा जायचे आहे. म्हातारे भेटले तर सांगू, "बाबा, त्या दिवशी आम्ही चुकलो. जीव तुमच्या सुनेचा गेला. पण राहिले होते ते कर्तव्य आम्हा सर्वांचे."

रामकृष्णहरि.