शिखराच्या वरची घरं

काळबादेवीच्या कोलभाट गल्लीत जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना होता. पिंगलाचं छंदःशास्त्र हलायुधाच्या टीकेसह त्याच्या काव्यमालेत छापलं गेलं. दहाव्या शतकातल्या त्या टीकेत मेरुप्रस्तार आहे: वर एक घर, खाली दोन, मग तीन, कडेला एक आणि आतल्या प्रत्येक घरात वरच्या दोघांची बेरीज. लघु-गुरू मोजायला एवढा डोंगर पुरतो. शिखराच्या वर काय, हे विचारायचं छंदकाराला कारणच नव्हतं.

केनेथ आयव्हर्सनच्या एपीएल या संगणकभाषेला ते टाळता येत नाही. तिथे २!५ लिहिलं की पाचांतून दोन निवडायच्या १० रीती मिळतात आणि अख्खा तक्ताही त्याच उद्गारचिन्हाने निघतो. ऋण पाचपासून धन पाचपर्यंतचा तक्ता मागितला, की प्रत्येक घरात काहीतरी लिहावंच लागतं.

निवडीचा साठा ऋण असला तर फारसं बिघडत नाही. दादरच्या दुकानात मोदक, पेढा, बर्फी यांतून दोन नग घ्यायचे आणि एकच प्रकार दोनदा चालत असेल, तर रीती ६. ऋण तीनांतून दोन म्हणजे (-३)×(-४)÷२, तेही ६. तीन नग घेतले तर दुकानात १०, सूत्रात -१०. चिन्ह सोडलं तर ऋण साठा म्हणजे पुन्हा तेच उचलायची मुभा.

पेच पडतो तो दोन्ही संख्या ऋण झाल्यावर. ऋण एकातून ऋण एक किती? बेरजेचा नियम पाळला, तर शिखरावरचा १ हा त्याच्या वरच्या दोन घरांतून यायला हवा. त्यांतल्या एकात, ऋण एकातून शून्य निवडायच्या घरात, आधीच १ आहे, म्हणून उत्तर शून्य. डावी-उजवी बाजू सारखी ठेवायची, तर उत्तर १. ग्रॅहम, क्नूथ आणि पाटाश्निक यांनी १९८९च्या ‘काँक्रीट मॅथेमॅटिक्स’मध्ये शून्य धरलं. एपीएलने १ धरला.

सिद्धता लिहिणाऱ्याला शून्य सोयीचं, हे कबूल. तरी माझा कल एपीएलकडे आहे. शून्य धरलं की शिखराच्या वरच्या एकूण एक ओळींची सममिती जाते. १ धरला तर बेरीज फक्त शिखराच्या त्या एका घरात चुकते. शिवाय दोन्ही संख्या ऋण असलेली ही डावीकडची घरं नुसती भरताड नाहीत. १÷(१+क्ष) ची श्रेणी क्ष लहान असताना १, -१, १, -१ अशी उजवीकडे चालते, ती न्यूटनची. क्ष मोठा असेल तर तीच राशी १÷क्ष, मग वजा १÷क्ष², अशी उलट्या घातांनी मांडावी लागते आणि तिचे सहगुणक ऋण एकाच्या ओळीत डावीकडे, एपीएलने लिहिलेल्या आकड्यांत, जसेच्या तसे सापडतात.