बाप्तिस्म्यानंतरची बावीस वर्षं

आपल्या मंडळ्यांत साक्ष सांगायची एक ठरलेली रीत आहे. माणूस उभा राहतो, आपण पूर्वी कसे होतो ते सांगतो, प्रभू कधी आणि कसा भेटला ते सांगतो, बाप्तिस्म्याच्या दिवसापर्यंत येतो आणि खाली बसतो. ऐकणारे ‘आमेन’ म्हणतात. त्यापुढच्या वीस-पंचवीस वर्षांत काय झालं, ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. नवा जन्म झाल्याचं कळतं, पण जन्मलेलं मूल वाढलं का, ही चौकशी राहून जाते. पौलाने ती करिंथच्या मंडळीत केली होती. ज्ञान, वक्तृत्व, कृपादानं, कशालाच तिथे तोटा नव्हता. तरी तुम्ही अजून दुधावरच आहात, असं त्याने त्यांना लिहिलं. आणि पुरावा म्हणून त्यांच्यातला हेवा, भांडणं आणि पुढाऱ्यांच्या नावाने पडलेले गट दाखवले.

शिष्य प्रौढ झाला हे कशावरून ओळखायचं, असा विचार करू लागलो की मी कवी नारायण वामन टिळकांच्या साताऱ्यातल्या अखेरच्या पर्वापाशी येऊन थांबतो. त्यांच्या आयुष्याचा पहिला भाग सगळ्यांना ठाऊक आहे: रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार, डोंगरावरच्या प्रवचनाने लागलेलं वेड, १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत झालेला बाप्तिस्मा. मग अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमधलं काम, ‘ज्ञानोदय’मधलं लेखन, आजही उपासनेत गायली जाणारी गीतं, कीर्तनं. कुणीही इथे थांबलं असतं तरी त्याला यशस्वी म्हटलं गेलं असतं.

टिळक थांबले नाहीत. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी आणि तिचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण येशूला गुरू आणि प्रभू मानणारे असे सगळे शिष्य त्यात एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं मानणाऱ्या या कवीला दिसत होतं की येशू महाराष्ट्राला हवा आहे, पण मिशनच्या आवारातून तो परका वाटतो. ते आवार त्यांचं घर झालं होतं. तिथे मान होता, स्थैर्य होतं, आणि हे सगळं प्रभूच्याच कामातून मिळालेलं होतं.

मला इथेच प्रौढतेची खूण दिसते. जुनं आयुष्य सोडणं कठीण असतं, पण त्या सोडण्याला नव्या प्रेमाचा जोर असतो. श्रद्धेतूनच मिळालेली जागा, अधिकार, नाव हे सोडणं त्याहून अवघड आहे, कारण ते धरून ठेवायला धार्मिक कारणं सहज सापडतात. ‘मी नसलो तर काम कोण पाहील?’ हे त्यातलं सर्वांत लोकप्रिय कारण. पुनरुत्थित प्रभूने पेत्राला समुद्रकाठी सांगितलं होतं, की तरुणपणी तू हवं तिथे जात होतास, म्हातारपणी दुसरा तुला नको तिथे नेईल. पेत्राच्या मरणाविषयीच ते बोलणं होतं. तरी शिष्य वाढतो म्हणजे काय, याचं इतकं स्पष्ट चित्र मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

दरबार टिकला नाही. ९ मे १९१९ला मुंबईत टिळक वारले आणि त्यांच्याबरोबर ते कामही विस्कटलं. बाप्तिस्मा न घेतलेल्यांना शिष्य म्हणण्यावर तेव्हाही हरकत होती, आजही आहे, आणि ती पोकळ नाही: बाप्तिस्म्याची किंमत चुकवण्याची पळवाट त्यातून निघू शकते. तरीही मी टिळकांच्या बाजूचा आहे. कोण आत आणि कोण बाहेर, याची नोंदवही प्रभूच्या हाती देण्याइतका भरवसा त्यांना होता. काम फसलं म्हणून तो भरवसा कच्चा ठरत नाही.

टिळक निर्दोष होते असं कुणी समजू नये. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांचा क्षणात भडकणारा राग, संसाराविषयीची बेफिकिरी, सगळं उघड लिहिलेलं आहे. आणि हीच त्यांच्याविषयीची सर्वांत विश्वासार्ह साक्ष आहे. व्यासपीठावरचा माणूस मंडळीला दिसतो. घरातला माणूस बायकोला दिसतो. नवरा ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. परत आल्या त्या आपलं सोवळंओवळं घेऊन, आणि टिळकांनी ते चालू दिलं. आधी लक्ष्मीबाईंच्या मनातली जात गेली, त्यांच्या स्वतःच्या विचाराने. बाप्तिस्मा १९००मध्ये, त्यानंतर. एरवी क्षणात पेटणारा माणूस दुसऱ्याच्या श्रद्धेच्या बाबतीत इतकं थांबू शकला, हे मला त्यांच्या कवितेइतकंच मोठं वाटतं. आणि पुढे टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरं राहिलं, तेव्हा पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.

साताऱ्याहून खाली मिरजेला आलं की मिळालेली जागा सोडण्याच्या याच गोष्टीचं दुसरं रूप भेटतं. मिशनरी डॉ. विल्यम वॉनलेस १८८९मध्ये भारतात आले, १८९४मध्ये मिरजेचं रुग्णालय उभं राहिलं आणि शस्त्रक्रियेसाठी लांबलांबून माणसं तिथे येऊ लागली. इतका नावाजलेला सर्जन स्वतःभोवतीच सगळं फिरत ठेवू शकला असता. वॉनलेसांनी इथल्या तरुणांना वैद्यकीचं शिक्षण द्यायची शाळा काढली, आपल्या हातातली विद्या त्यांच्या हातात दिली, आणि १९२८मध्ये ते निवृत्त होऊन निघून गेले. काम चालू राहिलं. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीला त्यांचंच नाव आहे.

आता आपल्याकडे पाहू. पंच कमिटीच्या निवडणुकीवरून, जागेच्या कागदांवरून, चाव्या कुणाकडे राहाव्यात यावरून मंडळ्या दुभंगतात आणि वाद कोर्टापर्यंत जातात. भांडणारे बहुधा नवखे नसतात. वचन पाठ असलेली, उज्जीवन सभांत पुढच्या रांगेत बसणारी माणसं असतात ती. करिंथकरांना लिहिलेलं पत्र आपल्या पत्त्यावर आलेलं आहे, हे आपण मान्य करायला हवं.

म्हणून सातारा, वाई, कराड, इस्लामपूर, सांगली, मिरज इथल्या ज्येष्ठ बंधुभगिनींना माझी हात जोडून विनंती आहे. वर्षानुवर्षं आपण ज्या खुर्चीवर आहात, ती येत्या वार्षिक सभेत कुणी मागण्याआधी स्वतःहून सोडा. जिला किंवा ज्याला ती द्याल, त्यांना काम शिकवा, त्यांच्या चुका सोसा, आणि पुढच्या रविवारी त्यांच्या मागच्या बाकावर येऊन बसा.