तासाला किती?

सोलमध्ये इंग्रजीच्या घरगुती शिकवणीचा दर विचारला, की तासाला ३० ते ५० हजार वॉन हे उत्तर सर्रास मिळतं. म्हणजे आपले दोन-तीन हजार रुपये. ऐकणारा लगेच मनात महिन्याचा गुणाकार मांडतो. पण हे पैसे नेमके कशाचे?

शिकवण्याचे तर आहेतच, पण तेवढेच नाहीत. इंग्रजी शिकवण्यासाठीचा ई-२ व्हिसा कोरिया मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना देतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. पदवी कुठल्याही विषयाची चालते. पासपोर्ट मात्र यांपैकीच एका देशाचा लागतो. ज्या हागवॉनच्या, म्हणजे खासगी क्लासच्या, नावावर व्हिसा मिळाला तिथेच शिकवायचं. बाहेर परस्पर शिकवणी घेताना सापडलं तर दंड, वर मायदेशी रवानगी. तरी शिकवण्या चालतातच. दाएची-दोंगसारख्या क्लासेसच्या वस्तीत जेवणाच्या टेबलावर वह्या मांडल्या जातात आणि महिन्याचे पैसे मुलाची आई पांढऱ्या पाकिटात घालून, दोन्ही हातांनी देते. त्या पाकिटात जोखमीचाही मोबदला असतो. मेट्रोत गेलेल्या वेळाचा नसतो. शाळेची परीक्षा आली, दोन तास बुडाले, की पाकीट हलकं.

बंदीने दर उतरत नाहीत, हे कोरियाइतकं कुणाला ठाऊक असेल? १९८० मध्ये चुन दू-ह्वान यांच्या लष्करी राजवटीने शिकवण्यांवर बंदी घातली. शिकवण्या चोरून चालू राहिल्या, आणि चोरीचा मामला म्हणून महाग झाल्या. २००० मध्ये घटना न्यायालयाने ती बंदीच घटनाबाह्य ठरवली.

चीनमध्ये हाच धंदा पडद्यावर आला. व्हीआयपीकिड ही कंपनी उत्तर अमेरिकेतल्या शिक्षकांना तासाला साधारण १४ ते २२ डॉलर देई. फिलिपिन्समधून इतर कंपन्यांसाठी तसेच तास घेणाऱ्यांच्या वाट्याला त्याहून कितीतरी कमी येई. २०२१ मध्ये चीन सरकारने परदेशात बसून मुलांना शिकवण्यावरच बंदी आणली आणि दोघांचंही काम गेलं. समता आली म्हणायची ती एवढीच!

मला खटकतो तो पासपोर्टवर ठरणारा भाव. पालकांना उच्चार हवे असतात, ते मी समजू शकतो. पण कोरियनमध्ये ‘अ’, ‘द’ ही उपपदं नाहीत, क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, मराठीतही तसंच. कोरियन मूल कुठे अडखळणार, हे पुण्या-नागपुरातल्या शिक्षिकेला पुस्तक न उघडता कळेल, कारण ती स्वतः तिथेच अडखळलेली असते. २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया व्यापार करारात तिच्यासाठी जागा आहेही. पदवीबरोबर अध्यापनाची पात्रता मात्र हवी, आणि ती असूनही पद मिळतं ते सहायक शिक्षकाचं.