नोंदवहीत न सापडलेले नाव



१७ डिसेंबरच्या मिस्सेत मत्तयलिखित शुभवर्तमानातील वंशावळ वाचली जाते. अब्राहामापासून तीन वेळा चौदा पिढ्या. 'जरुब्बाबेल'पाशी आमचीही जीभ अडखळते आणि मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होते. पण मत्तय त्या यादीत काही लपवीत नाही. सासऱ्यापासून मुले झालेली तामार, यरीहोची वेश्या राहाब, परक्या मवाब देशातली रूथ आणि जिचे नावही न घेता नुसते 'उरियाची बायको' म्हटले आहे ती स्त्री. आपण घरची वंशावळ लिहायला बसलो असतो, तर या चौघींना बहुधा गाळले असते.

काही महिन्यांपूर्वी पन्नाशीतले एक गृहस्थ चर्चच्या कार्यालयात आले. त्यांना वडिलांच्या बाप्तिस्म्याची नोंद हवी होती. आम्ही दोन जुन्या नोंदवह्या पानोपान चाळल्या. नाव सापडले नाही. आजी कुठल्या गावची, तिचे माहेरचे आडनाव काय, हे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते. विचारले की "जुने उकरू नको" एवढेच उत्तर मिळे. "फादर, आमच्यात एवढे लपवण्यासारखे काय होते हो?" आम्ही काय सांगणार? आम्ही त्यांना पोलंडमधील एका धर्मगुरूंची हकीकत सांगितली.

फादर रोमुआल्द व्हाश्किनेल १९६६ साली धर्मगुरू झाले व पुढे लुब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवू लागले. (आम्हीही त्याच विषयाचे विद्यार्थी, म्हणून थोडी अधिक आपुलकी.) लहानपणी रस्त्यात कोणी 'ज्यू' म्हणून हिणवले की ते आरशात आपला चेहरा न्याहाळीत. पुढे ज्यूंच्या हालांविषयी आईला काही वाचून दाखवले की एमिलियाबाईंचे डोळे भरून येत. तू का रडतेस, मी ज्यू आहे का, असे त्यांनी विचारले, तर माझी माया कमी पडते का, असे तिने उलट विचारले.

सरळ उत्तर मिळायला १९७८ साल उजाडले. १९४३ साली विल्नियसजवळच्या श्व्हिएंचानी गावी एका ज्यू मातेने आपले तान्हे बाळ एमिलियाच्या स्वाधीन केले होते. तुमची श्रद्धा ज्या येशूवर आहे तोही ज्यूच, त्याच्यासाठी या बाळाला वाचवा, अशी गळ तिने घातली होती. ज्यूला आसरा देणाऱ्यास तेव्हा मृत्युदंड होता. जन्मदाते पुढे मारले गेले.

मग एमिलिया खोटे वागली का? मारेकरी दारात आला असता खरे बोलावे का, यावर सेमिनरीत आम्ही तासन्‌तास वाद घालीत असू. परीक्षेपुरते ते ठीक होते. आम्हांला वाटते, युद्धात ते मौन बाळाचे पांघरूण होते. युद्ध संपल्यावर ते आईचे पांघरूण झाले. मुलगा आपल्याला दुरावेल, ही तिची भीती. तिला दोष देण्याचे धाडस आम्हांला होत नाही. पण पस्तीस वर्षांच्या त्या मुलाचेही काही देणे राहिले होतेच.

जन्मदात्यांचे नाव मात्र एमिलियाला सांगता आले नाही. वडील शिंपी होते, एवढा धागा होता. त्यानंतर चौदा वर्षे गेली. १९९२ साली सिस्टर क्लारा यारोशिन्स्का इस्रायलला गेल्या असता तेथे त्यांना श्व्हिएंचानीहून वाचलेली माणसे भेटली. त्यांनी त्या शिंप्याचे नाव सांगितले: याकूब वेक्सलर. नेतान्या शहरात फादरांचे सख्खे काका हयात निघाले! एकही दाखला नसताना म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीने हे काम केले. फादरांनी पुढे दोन्ही घरांची नावे लावली, याकूब रोमुआल्द वेक्सलर-व्हाश्किनेल. १९९५ साली याद वाशेम या संस्थेने एमिलिया व तिचे पती प्योत्र यांचा गौरव केला.

आमच्या त्या गृहस्थांची एक आत्या आहे, ऐंशीच्या पुढची. 'काय लपवलेत' असे तिला विचारू नका, 'आजी कशी होती' असे विचारा, एवढेच आम्ही सुचवले. दोन रविवार आत्या भाताच्या लावणीविषयी बोलत राहिली. तिसऱ्या रविवारी डोळे पुसत तिने एका गावाचे नाव घेतले. तेथील धर्मगुरूंना आम्ही पत्र धाडले आहे. त्यांच्या नोंदवह्यांना वाळवी लागली आहे म्हणतात, तरी ते पाहतो म्हणाले आहेत.