एका नजरेत न मावणारं लोअर परळ

लोकल धरायची असलेला माणूस पूल बघत नाही, नुसता ओलांडतो. लोअर परळच्या जिन्यावर गर्दीच्या वेळी क्षणभर थांबून बघा. आधी पाठीत कोपर बसतं, मग ‘ओ, चला ना पुढे!’ ऐकू येतं. सुधीर पटवर्धनांची चित्रं पाहताना मला वाटतं, हा माणूस अशी कोपरं खात वर्षानुवर्षं तिथे उभा आहे.

पटवर्धनांचा जन्म १९४९चा, पुण्याचा. शिक्षण वैद्यकीय, चित्रकला स्वतःची स्वतः शिकलेली. १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं ते ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट होते. त्यामुळे ‘समाजाचा एक्स-रे’ हे रूपक कुणालाही सुचेल. मला ते साफ चुकीचं वाटतं. एक्स-रेत कातडी जाते, चेहरा जातो. उरतात ती हाडं, पुढची-मागची एकमेकांवर चढलेली. पटवर्धन मांस सोडत नाहीत. १९७७च्या ‘इराणी रेस्टॉरंट’ या चित्राच्या काळापासून माणसाच्या देहाचं वजन त्यांच्या कॅनव्हासवर जाणवतं. हा देह पाहून कणव येत नाही. आपण त्याच्या शेजारच्या टेबलावर बसलोय असं वाटतं, आणि ते थोडं अवघड जातं.

२००१चं ‘लोअर परळ’ घ्या. गिरणीचा परिसर, रेल्वे, नव्या उंच इमारती, माणसं, सगळं एकत्र. एका जागी उभं राहून एवढं कधीच दिसत नाही. चार ठिकाणांहून पाहिलेलं त्यांनी एका चौकटीत बसवलंय. मग याला वास्तववादी का म्हणायचं? तर तिथे आयुष्य काढलेल्या माणसाच्या डोक्यात परळ असंच असतं म्हणून. जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी थंडावली, आवारांत मॉल आले. पण हे काही एका रात्रीत घडलं नाही. धुराडं आणि टॉवर बरीच वर्षं शेजारी होते, एक विझलेलं, एक अर्धवट. कॅमेऱ्याच्या एका क्लिकमध्ये ही वर्षं कशी मावणार?

एक तक्रार आहे. कधीकधी त्यांची रचना इतकी नेटकी होते, की गर्दीतली धक्काबुक्कीच हरवते. मुंबई एवढी शहाण्यासारखी उभी राहत नाही.

आणि ती थांबतही नाही. लोअर परळ स्टेशनाजवळचा डिलाईल रोडचा जुना पूल २०१८मध्ये बंद झाला, मग पाडला गेला. आता तिथे नवा पूल आहे.