आपण कोणाला थोर म्हणतो?



तुम्ही ज्यांना थोर मानता अशा चार माणसांची नावे आठवा आणि प्रत्येकाच्या नावापुढे कारण मांडा. कोणी विद्वान, कोणी शूर, कोणी त्यागी. पण एखादे नाव असेही निघेल की 'त्याच्याकडे मोटार-बंगला आहे, त्याच्या शब्दावर कामे होतात' याखेरीज दुसरे कारणच सापडणार नाही. त्या नावापाशी थांबा. रोज पंचशील म्हणताना आपली नीती जितकी कळत नाही, तितकी या यादीवरून कळते. 'नीती ज्याची त्याची' असे म्हणणारा गृहस्थही इथे उघडा पडतो.

मज्झिम निकायात वीमंसक सुत्त आहे. आपल्या विहारांतून ते क्वचितच वाचले जाते, ही खेदाची गोष्ट. भगवंत भिक्खूंना सांगतात की, दुसऱ्याचे चित्त जाणता येत नसेल तर शिष्याने तथागताचीसुद्धा डोळ्यांनी आणि कानांनी परीक्षा करावी. आचरण पाहावे, वाणी ऐकावी. त्यांत काही मलिन आढळते काय? चांगले आढळते ते पुष्कळ दिवसांचे की कालपरवाचे? तो वाईटापासून दूर राहतो तो भीतीपोटी, की तृष्णाच उरली नाही म्हणून? आणि एक प्रश्न तर आजच्या प्रत्येक पुढाऱ्याला लावून पाहावा असा आहे: नावलौकिक झाल्यावर, त्याच्यासोबत येणारे दोष या माणसात शिरले काय? शास्ता स्वतःच शिष्याच्या हाती हे माप देतो आणि म्हणतो, आधी मला मोज!

बाबासाहेबांनी हेच माप वापरले. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्या. रानडे यांच्या जयंतीच्या भाषणात त्यांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार सांगितले. एकात आदर असतो आणि बुद्धी शाबूत राहते. दुसऱ्यात माणूस आज्ञाधारक होतो आणि विचार करणे सोडतो. त्याच भाषणात त्यांनी रानड्यांचा मनापासून गौरव केला आणि त्यांच्या पक्षाला संघटना नव्हती हेही बजावले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील भक्तीविरुद्ध त्यांनी पुन्हा इशारा दिला.

आणि जोतिबांचे पाहा. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर फुल्यांना गुरू मानले, शूद्रांवरचा १९४६ चा ग्रंथ त्यांना अर्पण केला. पण जोतिबा निर्मिक मानीत. बाबासाहेबांनी तो निर्मिक घेतला नाही. विषमतेविरुद्धची झुंज घेतली, शिक्षणाचा ध्यास घेतला. गुरूविषयीचा आदर त्यामुळे तसूभरही उणावला नाही.

आपण मात्र काय करतो? 'आपला माणूस' घरी बायकोवर हात उचलतो, वर्गणीचा हिशेब देत नाही, मुलाच्या लग्नात हुंडा मोजून घेतो. आणि १४ एप्रिलला भाषण चांगले करतो म्हणून त्याच्या गळ्यात पहिला हार आपणच घालतो. वस्तीतली दहा-बारा वर्षांची पोरे ते पाहत असतात. बोट दाखवणाऱ्याला आपण समाजद्रोही ठरवतो, हे तर त्याहून वाईट.

येत्या रविवारी बुद्धवंदना झाल्यावर वीमंसक सुत्त मोठ्याने वाचा. अर्थ समजावून सांगा. स्त्रियांना पुढे बसवा, त्यांना पुष्कळ ठाऊक असते. आणि वाचन चालू असताना व्यासपीठावरच्या मंडळींनाही खाली सतरंजीवर, सर्वांसोबत बसू द्या.