मागे राहणाऱ्यांची कथा

पृथ्वी नष्ट होणार आणि मूठभर माणसे दुसऱ्या ग्रहावर जाणार, या आशयसूत्रावरील कथांत नैतिक प्रश्न सहसा ‘कोणाला न्यावे?’ असा मांडला जातो. त्याआधीच एक निर्णय मात्र निमूटपणे झालेला असतो. तो कथनाचा असतो: निवेदक यानात बसलेला असतो.

फिलिप वायली आणि एडविन बाल्मर यांच्या ‘व्हेन वर्ल्ड्स कोलाइड’ (१९३३) या कादंबरीत यानात आरंभी शंभरेकांनाच जागा असते. पुढे नवा धातू हाती येतो, दुसरे यान उभे राहते आणि तळावरील सर्वांची सोय होते. तळावर चालून आलेल्या जमावाचा निकाल मात्र यानाच्याच ज्वालांनी लावला जातो. आतल्यांचा पेच तंत्रज्ञान सोडवते, बाहेरच्यांचाही तेच सोडवते. नैतिक विचाराला करण्यासारखे काही उरतच नाही.

रुडॉल्फ माते यांच्या चित्रपटात (१९५१) चिठ्ठ्या टाकल्या जातात. प्रेयसीची निवड झाली नाही म्हणून एक तरुण आपला क्रमांक परत करतो. मानवजात टिकावी हे मूल्य त्याला अमान्य असेल असे नाही. एका विशिष्ट व्यक्तीला सोडून जाण्याच्या मोलाने ते त्याला नको आहे. ‘मानवजात’ हे समूहवाचक नाम आहे आणि मरणारी माणसे एकेकटी मरतात, ही विसंगती सबंध चित्रपटात येथेच उघडी पडते. पण कथानक घाईघाईने दोघांनाही यानात घेते. ज्याची भरपाई लगेच होते त्याला त्याग म्हणणे कठीण. त्या नकाराचा अर्थ तपासायला लेखक धजत नाही, हेच खरे.

शतपथ ब्राह्मणातील मनूच्या कथेत निवडीचा आव नाही. मनूने माशाला वाढवले, माशाने मनूला तारले: व्यवहार ऋणाचा आहे, पात्रतेचा नाही. (सप्तर्षी आणि बीजे महाभारतातील कथेत येतात.) तरीही बुडालेल्या प्रजेच्या वाट्याला तेथेही एखादेच वाक्य येते. उरलेला एकटा मनू अर्चन आणि श्रम करीत राहतो, एवढे तरी ती कथा नोंदवते.

चित्रपटाच्या अखेरीस वृद्ध शास्त्रज्ञ हेंड्रन स्वतः मागे राहतो आणि यानासाठी पैसा पुरवणाऱ्या स्टँटनलाही बळाने थोपवतो. चाकाच्या खुर्चीला खिळलेला स्टँटन जिवाच्या आकांताने उठतो आणि यानाच्या दिशेने पावले टाकू लागतो. यान सुटते. पृथ्वीचा अंत प्रेक्षकाला दिसतो तो यानातील पडद्यावर, प्रवाशांच्या खांद्यावरून.